उबदार हवेतही आर्क्टिक समुद्र कसा गोठतो?

२०१६ च्या नोव्हेंबरमध्ये उत्तर ध्रुवाजवळची हवा काही दिवस सरासरीपेक्षा सुमारे २० अंश सेल्सिअसने अधिक उष्ण होती आणि महिन्याच्या मध्यावर आर्क्टिकवरील बर्फाचे क्षेत्र वाढण्याऐवजी थोडे घटलेही. तरीही पुढच्या काही आठवड्यांत तो समुद्र गोठत गेला. ‘मग तापमानवाढ कुठे आहे?’ असा प्रश्न यावरून विचारला जातो, म्हणून हे जरा सविस्तर लिहीत आहे.

नोव्हेंबरात ध्रुवाजवळ उणे पंचवीसच्या आसपास तापमान अपेक्षित असते. त्यात २० अंशांची भर पडली तरी ते उणे पाच होते, आणि समुद्राचे खारे पाणी उणे १.८ अंशांना गोठते. म्हणजे असाधारण उबदार हवासुद्धा बर्फ धरण्याइतकी थंड असते.

खरी अडचण पाण्यात साठलेल्या उन्हाळ्याच्या उष्णतेची असते. तळ्यातले गोडे पाणी ४ अंशांखाली हलके होऊन वरच राहते, म्हणून तळे लवकर गोठते. समुद्राचे पाणी मात्र गोठणबिंदूपर्यंत जड होत राहते, त्यामुळे थंड झालेले पाणी खाली जाते, तुलनेने उबदार पाणी वर येते, आणि पृष्ठभागाजवळचा सगळा थर निवल्याशिवाय बर्फ टिकत नाही. सुदैवाने आर्क्टिकमध्ये हा थर काही दहा मीटरच जाड असतो, कारण त्याखालचे पाणी अधिक खारे व जड असते. या थरातून बाहेर पडणारी उष्णता हवेतच जाते. त्या नोव्हेंबरातल्या उबदार हवेत दक्षिणेकडून आलेल्या वाऱ्यांचा वाटा मोठा होता, पण उघड्या समुद्राने सोडलेली उष्णताही त्यात होती. शरद ऋतूतली उबदार हवा ही काही अंशी समुद्र निवत असल्याचीच खूण असते.

पाण्याची उष्णता अशी निर्णायक ठरते, हे नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवरील काँग्सफियॉर्ड या फियॉर्डमध्ये (डोंगरांमध्ये शिरलेल्या समुद्राच्या अरुंद खाडीत) स्पष्ट दिसते. गोव्यातील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राची निरीक्षण यंत्रणा २०१४ साली याच फियॉर्डमध्ये बसवण्यात आली. अटलांटिकचे उबदार पाणी आत शिरू लागल्यापासून तिथे हिवाळ्यातही पूर्वीसारखा बर्फ धरत नाही.

एकदा पातळ बर्फ धरला की तो झपाट्याने जाड होतो, कारण त्यातून उष्णता सहज निसटते. जसजसा तो जाड होतो, तसतसा वेग मंदावतो. उशिरा धरलेल्या बर्फाची ही नैसर्गिक भरपाई खरी आहे, पण अपुरी आहे. २०१७ च्या मार्चमध्ये बर्फाचे वार्षिक कमाल क्षेत्र सुमारे १ कोटी ४४ लाख चौरस किलोमीटर भरले. १९७९ पासूनच्या उपग्रह नोंदींमध्ये ते तोवरचे सर्वांत कमी होते.