गाडीत कोणाशेजारी कोण

मध्य ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटी गावांत अ‍ॅबोरिजिनल (तिथल्या मूळनिवासी) मुलांसोबत काम करायला येणारा नवा माणूस पहिल्याच आठवड्यात वेळापत्रक बनवतो. सोमवारी बास्केटबॉल, मंगळवारी सिनेमा, बुधवारी पोहणं. तक्ता भिंतीवर झकास दिसतो. मग बुधवारी गावात कोणीतरी जातं आणि सगळं थांबतं. तिकडे याला 'सॉरी बिझनेस' म्हणतात. आपल्या सुतकाला दिवसांचं गणित असतं, याला नसतं. कधी चार दिवस, कधी कित्येक आठवडे. गेलेल्याचं नाव उच्चारायचं नाही. त्याच नावाच्या जिवंत माणसालाही वार्लपिरी या मूळनिवासी समाजाचे लोक मग 'कुमन्जयी' म्हणतात. युवा केंद्राच्या भिंतीवरचे आणि कॉम्प्युटरमधले त्याचे फोटो काढायचे, आणि परत कधी लावायचे ते घरच्यांना विचारायचं. या लेखात ज्येष्ठांची नावं नाहीत, ती याच कारणाने.

दुसरा धडा गाडीत मिळतो. वार्लपिरी समाजात आठ नातेगट असतात. पुरुषांची गटनावं 'ज'ने सुरू होतात, बायकांची 'न'ने: जाकामारा-नाकामारा, जांपिजिन्पा-नांपिजिन्पा. तुम्ही टिकलात तर तुम्हालाही एक मिळतं, आणि त्याबरोबर शेकडो नातेवाईक. यातली काही नाती टाळायचीच असतात. जावयाने सासूशी बोलायचं नाही, तिच्याजवळ बसायचं नाही. आपल्याकडे जावयाचा मान म्हणजे पाटावर बसवणं, इथे मान म्हणजे लांब राहणं. आणि नातं गटावरून ठरत असल्याने सोळा वर्षांच्या पोरालाही वर्गातली एखादी मुलगी 'सासू' लागू शकते. म्हणून टोयोटात कोण कुठे बसणार हे बाहेरच्याने ठरवू नये. दार उघडावं आणि गप्प राहावं. दोन मुलं चढायलाच तयार नसतील तर तो उद्धटपणा नसतो, दुसरी फेरी मारायची असते.

हे नात्यांचं जाळं अडचण नाही, कामाचं इंजिन आहे. माउंट थिओचं उदाहरण घ्या. अ‍ॅलिस स्प्रिंग्ज शहराच्या वायव्येला जवळपास 300 किलोमीटरवर युएंडमू हे गाव. 1994 साली तिथे सत्तरहून जास्त मुलं-तरुण नशेसाठी डब्यातून पेट्रोल हुंगत होते. वार्लपिरी ज्येष्ठांनी ठरवलं की या मुलांना दीडशे-एक किलोमीटरवरच्या माउंट थिओला न्यायचं. तिथे ज्येष्ठ जोडपी त्यांना सांभाळत, शिकारीला नेत, त्या जागेच्या गोष्टी सांगत. चालत परतणं शक्य नव्हतं, हेही खरं. पण नुसत्या अंतराने काम भागलं नसतं. सांभाळणाऱ्याला त्या मुलाला रागवायचा नात्याने अधिकार होता, तो पगारी माणसाला कुठून येणार? दुसरीकडे युएंडमूतच रोज संध्याकाळी खेळ आणि डिस्को सुरू झाले, म्हणजे न हुंगणाऱ्यांनाही काहीतरी मिळालं. नुसतं हुंगणाऱ्यांनाच सहलीला नेलं असतं तर हुंगणं हे सहलीचं तिकीट झालं असतं! ही चूक इतर कार्यक्रमांत आजही होते.

2005 पासून आलेल्या ओपल पेट्रोलने पुढचं काम सोपं केलं. नशा चढवणारे टोल्युईनसारखे अ‍ॅरोमॅटिक घटक साध्या पेट्रोलमध्ये पाव हिश्शाच्या आसपास असतात, ओपलमध्ये पाच टक्क्यांवर नाहीत. पण तोवर युएंडमूत हुंगणं जवळपास थांबलंच होतं. श्रेय वाटताना हा क्रम विसरला जातो.

भरतीबद्दल थोडं स्पष्ट. दोन पूर्णवेळ बाहेरच्यांऐवजी चार अर्धवेळ स्थानिक घ्या: दोन पुरुष, दोन बायका, वेगवेगळ्या कुटुंबांतले. एका घरी सॉरी बिझनेस असलं तरी दुसरं घर कुलूप उघडू शकतं. अडतं ते ओकर कार्डापाशी. नॉर्दर्न टेरिटरी या तिथल्या प्रांतात मुलांसोबत काम करायला लागणारा हा परवाना दोन वर्षांचा असतो. आजीबाईंचं नाव तीन कागदांवर तीन स्पेलिंगने असतं, आणि अर्ज पडून राहतो. म्हणून नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपायच्या तीन महिने आधी, कार्यकर्त्याने शेजारी बसून भरावा.

कानांचंही लक्षात ठेवा. लहानपणापासून वाहणाऱ्या कानांमुळे अनेक मुलांना कमी ऐकू येतं. पत्र्याच्या हॉलमध्ये पंखे चालू असताना मागून दिलेली सूचना पोचत नाही, आणि 'ऐकत नाही' असा शेरा मात्र पोचतो. समोर येऊन, सहा-सात जणांच्या घोळक्याला सांगावं. आणि 'हो' म्हणजे होकार समजू नये. बाहेरच्याचा प्रश्न लवकर संपावा म्हणूनही 'हो' येतं. 'समजलं का?' ऐवजी 'आधी काय करायचं?' असं विचारावं.

बाहेर नेताना माणशी दिवसाला दहा लिटर पाणी, दोन स्टेपन्या, सॅटेलाइट फोन. वाळूत टायरची हवा 18-20 पीएसआयपर्यंत उतरवतात. कच्च्या रस्त्यावर परत आल्यावर ती भरायची विसरली की टायरची बाजू तापून फाटते. कॉम्प्रेसर गाडीतच राहू द्या, कोणाला उसना देऊ नका.

सगळ्यात वाईट काळ डिसेंबर-जानेवारी. शाळा बंद, पारा चाळिशीच्या वर, मुलं रात्रभर जागी. आणि नेमके तेव्हाच बाहेरचे कर्मचारी नाताळला घरी जातात. अनुदान एकेका वर्षाचं असल्याने काही तर परततच नाहीत. करारातच लिहून घ्यावं: मोठी रजा मार्च ते मेमध्ये. आणि डिसेंबरमध्ये हॉलच्या, बसच्या आणि फ्रीजच्या किल्ल्या गावातल्या दोघींकडे.