नाथांच्या पालखीबरोबर परांड्यापर्यंत

ज्येष्ठ वद्य सप्तमीला संत एकनाथांची पालखी पैठणहून पंढरपूरकडे प्रस्थान ठेवते. आळंदी-देहूच्या वाटेइतकी वर्दळ या वाटेवर नसते, त्यामुळे वारकरी आणि गावकरी एकमेकांशी निवांत बोलू शकतात. आमच्या दिंडीत बहुतेक कोरडवाहू शेतकरी होते. कोणी कपाशीची लागवड उरकून आले होते, तर कोणाच्या रानात अजून वापसा नव्हता. त्यामुळे गोदाकाठ सोडून बालाघाटाच्या चढणीला लागेपर्यंत प्रत्येक गावात रामकृष्णहरीनंतर पहिली विचारपूस पावसाचीच होत असे.

वारीत माझे मन सर्वांत जास्त रमले ते धाराशिव जिल्ह्यातल्या परांड्यात. इथल्याच किल्ल्यातून 1600 मध्ये, अहमदनगर मोगलांच्या हाती गेल्यानंतर, निजामशाहीचा कारभार पुन्हा उभा राहिला. नाथ त्याच काळातले, आणि त्यांचे गुरू जनार्दनस्वामी देवगिरीच्या किल्ल्यावर निजामशाहीचे अधिकारी होते. दरबारात फारसी, वाटेवर दखनी आणि घरात मराठी असलेल्या या मुलखात नाथांनी ‘हिंदू-तुर्क संवाद’ रचला, हे इथल्या रस्त्याने चालताना फार सहज वाटते. त्यात दोघे एकमेकांच्या देवधर्मावर कडाडून बोलतात, काहीही झाकून ठेवत नाहीत, आणि अखेरीस एकमेकांना आलिंगन देतात. मला त्यातले भांडण मिलनाइतकेच मोलाचे वाटते, कारण शेजाऱ्याला इतके स्पष्ट बोलायला आधी त्याच्याविषयी भरवसा असावा लागतो.

गावात शिरताना एका ओट्यावर एक मुसलमान आजी पाण्याची कळशी घेऊन बसल्या होत्या. डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेल्या आमच्या मावशींना त्या म्हणाल्या, “बैठो ना माय, पानी पीको जाव.” मावशींनी वृंदावन तसेच सांभाळत ओंजळ पुढे केली, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, “माय, तुमच्याकडं पेरण्या झाल्या का?” आजींनी मान हलवली आणि पोराने दुबार पेरणीसाठी बियाणे उसने आणल्याचे सांगितले. मग दोघी सोयाबीनच्या भावावर आणि खताच्या किमतीवर इतक्या बोलल्या, की मागच्या दिंडीला वाट देण्यासाठी विणेकरी बुवांना हाक मारावी लागली.

संध्याकाळी मुक्कामावर आमच्यातल्या तरुणांनी तोच संवाद भारुडासारखा म्हटला. तुर्काच्या तोंडचे दखनी चरण ते मराठी वळणाने उच्चारत होते. ऐकायला बसलेले एक वयस्क चाचा दोनदा थांबले, तिसऱ्यांदा मात्र त्यांना राहवले नाही आणि त्यांनी ते चरण स्वतः म्हणून दाखवले. पोरांनी टाळ खाली ठेवून त्यांच्यामागे ते घोकले, चाचांना पंगतीत पिठले-भाकरी खायला बसवले, आणि पुढच्या मुक्कामापर्यंत ते चरण चाचांच्याच उच्चारांत म्हणत चालले.