बांगड्या फोडणारा हात

आमच्या नाटकात एक खराखुरा दगड आहे. पंचगंगेच्या काठावरून उचललेला, मुठीत मावेल एवढा, गुळगुळीत. सामानाच्या पेटीत तो ढोलकी, दिमडी आणि हिरव्या बांगड्यांच्या पुडक्याबरोबर असतो. बांगड्या आम्ही इचलकरंजीच्या कासाराकडून डझनावर आणतो, कारण प्रत्येक प्रयोगात दोन खरोखर फुटतात. सुरुवातीला प्लॅस्टिकच्या वापरून पाहिल्या, आवाज ढोलकीवर काढून पाहिला. जमलं नाही. काच फुटल्याचा आवाज बायकांच्या कानात बसलेला असतो, तिथे नक्कल चालत नाही.

कलापथकात मी वीसेक वर्षं आहे. नाटक लिहिते, बसवते, गावात सूत्रधार म्हणून उभी राहते. दारूवर, हुंड्यावर, मुलींच्या शाळेवर पुष्कळ प्रयोग केले. पण 2023 च्या जानेवारीतला एक दिवस मला आजही जसाच्या तसा आठवतो. गाव कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातलं. नाव लिहीत नाही, कारण ज्यांच्याबद्दल लिहितेय त्या आजींना गावाबाहेर कुणी ओळखावं असं मला वाटत नाही.

याच तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने मे 2022 मध्ये ठराव केला होता: नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, मंगळसूत्र तोडायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, जोडवी काढायची नाहीत. राजर्षी शाहू महाराजांच्या निधनाला त्याच महिन्यात शंभर वर्षं होत होती. ज्या राजाने आपल्या संस्थानात 1917 साली विधवांच्या पुनर्विवाहाचा कायदा केला, त्याच्याच मुलखातून हा ठराव यावा याचा आम्हाला फार अभिमान वाटला. मग शासनाचं परिपत्रक निघालं, सगळ्या ग्रामपंचायतींनी हेरवाडचा कित्ता गिरवावा म्हणून. गावोगाव ठराव झाले. पण ठरावाची प्रत ग्रामपंचायतीच्या कपाटात राहते आणि मयत होतं ते घरात. तिथे त्या घटकेला कपाट कोण उघडणार?

म्हणून आम्ही नाटक बसवलं. पहिल्या रूपात शेवटी नायिका दगड हिसकावून भिरकावून द्यायची आणि जोरदार भाषण करायची. टाळ्यांचा कडकडाट व्हायचा. अशाच एका गावात प्रयोगानंतर पंधरा दिवसांत एक तरुण अपघातात गेला. त्याच्या बायकोच्या बांगड्या फोडल्या गेल्या, आणि फोडताना भोवती उभ्या असलेल्यांत पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवणाऱ्या बायका होत्या. हे कळल्यावर चार दिवस मी नाटकाची वही उघडली नाही. नायिकेने त्यांच्या वतीने दगड फेकला होता. टाळी वाजवली आणि आपलं काम झालं, असं त्यांना वाटलं असणार. त्यात त्यांचा दोष नव्हता. नाटकच तसं रचलेलं होतं, आणि ते मी रचलं होतं.

मग भाषण कापलं. ब्राझीलचे रंगकर्मी ऑगस्टो बोआल यांनी रुजवलेली एक पद्धत आहे: नाटक ऐन अडचणीच्या जागी थांबवायचं आणि प्रेक्षकाला म्हणायचं, आता तुम्ही उठा, या जागी तुम्ही काय कराल ते करून दाखवा. ऐकायला परदेशी वाटतं, पण गाडगेबाबांचं कीर्तन आठवा. बाबा प्रश्न टाकत आणि उत्तर समोरच्या अडाणी माणसाच्याच तोंडून काढून घेत. आम्ही त्या वाटेने गेलो. नायिका पाटावर, बाजूला दगड घेतलेली बाई, दोन बांगड्या फुटतात, आणि मी "थांबा" म्हणते.

त्याआधी जलशाच्या चालीवर एक गाणं घातलं होतं. गाण्या-नाटकातून समाजसुधारणा सांगणाऱ्या सत्यशोधक जलशांचं देणं आमच्या अंगात मुरलेलं आहे, ते कुठेतरी उतरतंच. गाण्यातली गोष्ट खरी आहे. 1890 च्या सुमारास मुंबईत कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिकांनी ठरवलं, विधवांच्या डोक्याला वस्तरा लावायचा नाही. केशवपन वाईट आहे हे शहाणी माणसं सांगतच होती. पण ज्याच्या हातात वस्तरा, त्यानेच तो खाली ठेवला ही बात वेगळी होती. आमचा ढोलकीवाला ते कडवं म्हणताना हात थांबवतो आणि दोन मात्रा नुसती शांतता ठेवतो.

त्या दिवशी संक्रांत होऊन आठवडा झाला होता. ग्रामपंचायतीने हळदीकुंकू ठेवलं होतं, विधवा बायकांनाही आवर्जून बोलावलं होतं. मारुतीच्या देवळासमोर मांडव, ताटांत तिळगूळ, वाण म्हणून स्टीलचे डबे. ऊसतोडीचे दिवस, त्यामुळे पुरुष तुरळक. पारावर आठ-दहा जण. बायका मात्र दोनशेच्या आसपास. मी मांडवात शिरल्या शिरल्या नजर टाकली, तर सवाष्णी पुढे, सतरंजीवर, आणि विधवा बायका मागे देवळाच्या भिंतीला टेकून. तसं बसा असं कुणी त्यांना सांगितलेलं नव्हतं.

प्रयोग सुरू झाला. बांगड्या फुटल्या. मी पुढे होऊन म्हटलं, "थांबा. ह्या पोरीच्या जागी, नाहीतर ह्या दगड घेतलेल्या बाईच्या जागी, तुमच्यापैकी कोण येतंय?"

एरवी अशा वेळी एखादी कॉलेजची मुलगी उठते, नाहीतर शाळेतल्या बाई. पाच मिनिटं बरं बोलतात आणि बसतात. त्या दिवशी भिंतीकडून आवाज आला, "आसं न्हाई फोडत."

सत्तरीच्या आजी. नऊवारी, कपाळ मोकळं, हात मोकळे. गुडघ्यावर हात देत उठल्या आणि माणसांतून वाट काढत पुढे आल्या. कुजबुज सुरू झाली. एक बाई माझ्याजवळ सरकून हळूच म्हणाली, "ताई, मयताला ह्यांनाच बोलवत्यात. गावात सगळ्यांच्या ह्याच फोडतात."

मी आजींना म्हटलं, "या आजी, दाखवा."

त्या नायिकेसमोर बसल्या. दगडाकडे पाहिलंसुद्धा नाही. आधी तिचा हात आपल्या हातात घेतला, मनगट उलटं करून पाहिलं, मग स्वतःचा पदर सोडवून तिच्या मनगटाखाली दुहेरी धरला. "पदर खाली धरायचा आसतो. न्हाईतर काच घुसती. शुद्ध नसती तिला, दुखलेलं कळत न्हाई, पन दुसऱ्या दिवशी हात सुजतो. आन् दगूड असा वरनं न्हाई हानायचा. बारीक टिचवायचं, कडेनं."

मांडवात चिडीचूप. नाटक लिहिताना मी बारा-पंधरा बायकांशी बोलले होते, वहीभर टिपणं होती. हा पदर त्यात नव्हता. माझ्या नाटकातली दगड घेतलेली बाई दुष्ट होती, डोळे वटारायची. आणि इथे जिने खरोखर ते केलं होतं, ती समोरच्या पोरीच्या मनगटाला काच लागू नये म्हणून पदर धरत होती. माझं लिखाण किती उथळ होतं ते तेव्हा मला दिसलं.

मग मी विचारलं, "किती जणींच्या फोडल्या असतील, आजी?"

"कोन मोजतंय. माझ्या सासूनं माझ्या फोडल्या. ती गेल्यावर मला बोलवाय लागले. मी म्हनायचो, माझ्या हातानं झालं तर निदान पोरीला लागायचं न्हाई."

नायिकेचं काम करणारी आमची मुलगी तोवर रडायला लागली होती, नाटकातलं नव्हे. तिचा हात अजून आजींच्या पदरावर होता. सूत्रधाराने अशा वेळी काहीतरी बोलून प्रसंग पुढे न्यायचा असतो. मी बोलले नाही. ढोलकीवालाही थांबून राहिला.

पारावरून एक वयस्कर गृहस्थ म्हणाले, "अहो, रीतच हाय ती. मानूस गेल्यावर बाईनं नटायचं व्हय?"

आजी वळल्या नाहीत. नायिकेच्या बांगड्यांकडेच पाहत त्या ओवीच्या सुरात म्हणाल्या. जात्यावर बसलेल्या बाईचा तो सपाट, न चढणारा सूर. पुढच्या प्रयोगापासून आम्ही ती ओवी नाटकात घेतली, त्यांना विचारून:

कुकवाचा करंडा, माझ्या बापानं घेतीला
धन्याच्या चितेसंगं, कसा जाळाया न्हेतीला

भिंतीजवळून कुणीतरी "गं बया" म्हटलं. मग आजींनी बाजूचा दगड उचलला, मला वाटलं फेकतील. त्यांनी तो माझ्या हातात दिला. "त्या न्हाव्यांनी वस्तरा खाली ठेवला म्हन्तासा. मग हे तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या. इथनं पुढं मला कुनी बोलवाय येऊ नगा. मी मयताला येतो, रडतो, पन हे करत न्हाई."

टाळ्या पडल्या नाहीत. मला त्याचं फार बरं वाटलं.

त्यानंतरचं हळदीकुंकू मात्र आम्ही मनात रंगवलं होतं तसं झालं नाही, तेही सांगायला हवं. सरपंच स्वतः ताट घेऊन भिंतीकडे गेल्या. बऱ्याच जणींनी मान वळवली. एक म्हणाली, "घरात लेकाचं लगीन हाय, नको." दुसरीने वाण घेतलं, कुंकू घेतलं नाही. कुंकू लावून घेतलं फक्त तिघींनी, तिघीही चाळिशीच्या आतल्या. त्यातल्या एकीने लगेच पदर पुढे ओढला, पण बसली मात्र सतरंजीवर, सवाष्णींच्या शेजारी. आणि आजींनी? सरपंचांनी करंडा पुढे केला तेव्हा त्या म्हणाल्या, "मला नगं. चाळीस वर्सं झाली, आता कपाळाला भार हुईल." कुणी आग्रह केला नाही. मीही नाही. बाईने कुंकू लावावं म्हणून आमचं नाटक नव्हतं. लावायचं की नाही हे तिने ठरवावं, एवढ्यासाठी होतं.

परत येताना टेम्पोत कुणी फारसं बोललं नाही. त्या रात्री मी वही काढली आणि दगड घेतलेल्या बाईचे सगळे संवाद खोडले. आता ती वटारून बघत नाही. ती पदर धरते. हा बदल केल्यापासून गावोगाव मागे बसलेल्या बायका जास्त उठतात, हा माझा अनुभव आहे. दुष्ट बाईच्या जागी जाऊन उभं राहायला कुणी तयार होत नाही. पदर धरणाऱ्या बाईच्या जागी मात्र कितीतरी जणी स्वतःला ओळखतात.

तो दगड मी पुन्हा प्रयोगात वापरला नाही. आजींनी दिलेला म्हणून तो माझ्या घरी आहे, पेटीत दुसरा आहे.

पावसाळ्यात त्या गावातून फोन आला. एक माणूस हृदयविकाराने गेला होता, बायको तिशीतली. आजींना बोलवायला कुणीतरी गेलंच होतं. त्या आल्या, त्या पोरीजवळ बसल्या, तिचे दोन्ही हात आपल्या पदराखाली घेतले आणि तिरडी वेशीबाहेर जाईपर्यंत सोडले नाहीत. कुणी बोललं तर मान हलवायच्या, एवढंच.

"मंगळसूत्र?" मी विचारलं.

"काढलं, ताई. जोडवी पन काढली. नंतर दिरानं काढाय लावली."

"आणि बांगड्या?"

"हायत की. चार ह्या हातात, चार त्या हातात."