लाईट आली की सर्व्हर आपोआप सुरू : रास्पबेरी पायवरचा माझा अनुभव

गावाकडच्या घरी आईबाबांसाठी एक रास्पबेरी पाय ४ (छोटासा, एका बोर्डवरचा कॉम्प्युटर) लावून ठेवलाय, त्याला यूएसबीने हार्ड डिस्क जोडलीय आणि तिच्यावर बाबांच्या कॅसेटवरून उतरवून घेतलेली भजनं नि नाट्यगीतं आहेत. पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिलेला एक छोटा सर्व्हर ती गाणी घरातल्या फोनवर देतो. चालतो मस्त, पण गावात लाईट कधी जाईल सांगता येत नाही, आणि परत आली की पाय आपला आपण चालू होतो, प्रोग्रॅम मात्र होत नाही. मग बाबांचा फोन, "अरे गाणी लागेनात, बघ जरा." मी पुण्यात आणि तिथे ना स्क्रीन ना कीबोर्ड.

शोधलं तर बरेच जण सांगतात आरसी लोकल या बूटला चालणाऱ्या फाइलमध्ये एक ओळ टाका नाहीतर क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कामं चालवणारा प्रोग्रॅम) ॲट-रीबूट, म्हणजे प्रत्येक बूटला चालव, असं लावा. दोन्हीने प्रोग्रॅम सुरू होतो, पण नंतर तो मधेच पडला तर परत उठवणारं कोणी नाही आणि डिस्क तयार झालीय का तेही कोणी बघत नाही. डेबियन या लिनक्समध्ये २०१५ च्या जेसी आवृत्तीपासून सिस्टिमडी (बूटला प्रोग्रॅम सुरू करून त्यांच्यावर लक्ष ठेवणारा प्रोग्रॅम) डिफॉल्ट आहे, पायची ओएस डेबियनवरच उभी आहे, म्हणजे ही राखण करणारा मशीनमध्ये आधीच बसलाय, मग काम त्यालाच द्यावं असं माझं स्पष्ट मत.

सर्व्हिस फाइल, म्हणजे काय नि कसं चालवायचं हे सिस्टिमडीला सांगणारी फाइल, दहाबारा ओळींची. एक्झेकस्टार्ट या ओळीत चालवायच्या प्रोग्रॅमचा पूर्ण पाथ द्यायचा, आणि व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (त्या प्रोग्रॅमपुरतं वेगळं ठेवलेलं पायथॉन) असेल तर त्यातल्याच पायथॉनचा, वेगळं ॲक्टिव्हेट वगैरे काही लागत नाही. युजर साधा ठेवला, पोर्ट ८००० आहे त्यामुळे रूटची, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या युजरची, गरजच नाही. रीस्टार्टला ऑन-फेल्युअर (पडला तर परत सुरू कर) आणि रीस्टार्टसेक ५ (त्याआधी पाच सेकंद थांब). हे ५ महत्त्वाचं आहे बरं का, कारण डिफॉल्टला प्रोग्रॅम पडला की सिस्टिमडी १०० मिलिसेकंदात परत उठवतो आणि १० सेकंदात ५ वेळा सुरू होऊन पडला की नाद सोडून देतो, पाच सेकंदांचं अंतर ठेवलं की ती वेळ येत नाही.

खरा वेळ गेला तो डिस्कमध्ये. एफएसटॅब या डिस्कच्या यादीच्या फाइलमध्ये नोफेल (डिस्क नसली तरी पुढे चल) लावलेलं आहे, ते हवंच, नाहीतर डिस्क सापडली नाही तर पाय बूट होताना अडकून बसेल. पण नोफेल असलं की बूट त्या डिस्कसाठी थांबत नाही, डिस्क फिरायला लागून माउंट होईपर्यंत (म्हणजे तिच्यावरच्या फाइल फोल्डरमध्ये दिसेपर्यंत) सर्व्हर सुरू झालेला असतो आणि त्याला फोल्डर रिकामं दिसतं. एरर नाही काही नाही, फक्त गाण्यांची यादी कोरी. स्लीप ३०, म्हणजे सुरू होण्याआधी ३० सेकंद थांबायची ओळ, टाकायचा सल्ला खूप ठिकाणी दिसतो, मला तो अजिबात पटत नाही, डिस्कला एखाद्या दिवशी ३५ सेकंद लागले तर काय? सर्व्हिस फाइलच्या युनिट सेक्शनमध्ये रिक्वायर्समाउंट्सफॉर लिहून पुढे त्या फोल्डरचा पाथ दिला की माउंट झाल्याशिवाय सर्व्हिस सुरूच होत नाही. एवढी एक ओळ आणि विषय संपला.

नेटवर्कचं तसं सोपं गेलं. लाईट आली की राउटरही तेव्हाच उठत असतो आणि पाय कधीकधी त्याच्या आधी तयार होतो, म्हणून सर्व्हर ०.०.०.० वर, म्हणजे मशीनच्या सगळ्या पत्त्यांवर, ऐकतो, ठराविक आयपीवर नाही, त्यामुळे नेटवर्कसाठी थांबायचं कारणच उरत नाही.

मग सिस्टिमडीच्या तीन कमांड: डीमन-रीलोड (नवी फाइल वाचून घे), इनेबल, स्टार्ट. स्टार्ट म्हणजे आत्ता चालू आणि इनेबल म्हणजे पुढच्या प्रत्येक बूटला, दोन्ही द्यावे लागतात. जर्नलसीटीएल या लॉग दाखवणाऱ्या कमांडमध्ये पायथॉनचे प्रिंट उशिरा दिसतात, बफरमध्ये अडकतात, तर पायथॉनला मायनस यू द्या, लगेच दिसतील. तपासायला किल मायनस ९ या कमांडने प्रोसेस जबरदस्तीने मारली, पाच सेकंदांनी परत हजर! मग रीबूट करून पाहिलं, यादी भरलेली.

एक अजून बाकी आहे. बूटच्या वेळी डिस्कची वायर निघालेली असेल तर माउंट फेल होतं आणि त्यामुळे सर्व्हिसही, अशा वेळी रीस्टार्टची ओळ कामाला येत नाही, कारण प्रोग्रॅम सुरूच झालेला नसतो. तेव्हा बाबांना वायर नीट बसवून पायचा प्लग काढून परत लावायला सांगतो, ते त्यांना जमतं.