पर्सिव्हल म्यू गल, १:२४ : लाकडाला हात लावण्याआधी

पर्सिव्हल म्यू गल या १९३० च्या दशकातील ब्रिटिश शर्यती विमानाच्या लाकडी प्रतिकृतीचे आराखडे पूर्ण झाले असून धडाचे फॉर्मर, म्हणजे धडाला आकार देणाऱ्या आडव्या चौकटी, कापायला सुरुवात केली आहे. मूळ विमानाचा पंखविस्तार सुमारे २४ फुटांचा, म्हणजे १:२४ प्रमाणात प्रतिकृती जेमतेम फूटभर रुंद होते आणि एवढ्याशा आकारात काउलिंगची (इंजिनावरच्या आवरणाची) किंवा कॅनोपीची (वैमानिकावरच्या पारदर्शक झाकणाची) रेषा किंचित जरी फुगली, तरी ते विमान निराळेच दिसू लागते. या नोंदीत हातकामापेक्षा इतिहास अधिक आहे. म्यू गल करायला घेणाऱ्याला आधी एका प्रश्नाचे उत्तर द्यावे लागते : कोणत्या वर्षाचा म्यू गल?

ऑस्ट्रेलियात जन्मलेल्या एडगर पर्सिव्हल यांनी इंग्लंडमधील ग्रेव्हसेंड येथील आपल्या कंपनीत हे एकआसनी शर्यती विमान घडवले. मार्च १९३४ मध्ये उडालेल्या पहिल्या नमुन्याला, ई-१ ला, १६५ अश्वशक्तीचे नेपियर जॅव्हलिन इंजिन होते. ते आखूड, कोनाकोनांचे विमान पाहून पुढच्या म्यू गलच्या देखणेपणाची कल्पनाही येत नाही. पुढे त्यावर डी हॅव्हिलँडचे २०० अश्वशक्तीचे जिप्सी सिक्स बसवण्यात आले. पण खरी झेप १९३५ च्या ई-२ मध्ये आहे. धड लांब आणि गुळगुळीत झाले, पंख नव्याने आखले गेले, आणि स्थिर चाकांवरची आवरणे जणू विमानाच्या अंगातूनच उगवल्यासारखी दिसू लागली. नोंदणीची अक्षरे मात्र पहिल्याचीच, जी-एसीएनडी, ठेवण्यात आली, आणि त्यामुळे जुन्या छायाचित्रांखालचा मजकूर वाचून मापे घेणाऱ्यांची आजही फसगत होते.

सप्टेंबर १९३६ मधल्या पोर्ट्समथ ते जोहान्सबर्ग या श्लेसिंजर शर्यतीसाठी तीन ई-२ तयार झाले आणि तिन्हींच्या वाट्याला अपयश आले. १९३४ च्या इंग्लंड ते मेलबर्न या मॅकरॉबर्टसन शर्यतीचे सहविजेते टॉम कॅम्पबेल ब्लॅक शर्यतीआधीच जी-एईकेएल घेऊन लिव्हरपूलच्या स्पीक विमानतळावर उभे असताना हवाई दलाचे एक हॉकर हार्ट जमिनीवरच त्यांच्या विमानात घुसले आणि ते प्राणास मुकले. मेजर मिलर यांचे इंधन बेलग्रेड येण्याआधीच संपले. कॅप्टन हाल्से आघाडीवर असूनही दक्षिण ऱ्होडेशियात उतरताना विमान मोडून बसले. नऊ विमाने निघाली, शेवटपर्यंत पोचले एकच, आणि तेही पर्सिव्हल यांचेच, पण आरामशीर प्रवासी वळणाचे व्हेगा गल. म्यू गल हे लांब पल्ल्याचे विमान नव्हे, असा निष्कर्ष तेव्हा कुणी काढला असता तर त्याला दोष देता आला नसता.

मिलर यांचे झेडएस-एएचएम हे विमान ब्रिटनमध्ये जी-एईएक्सएफ झाले आणि १९३७ मध्ये ब्रिटिश वैमानिक ॲलेक्स हेन्शॉ यांच्याकडे आले. माझ्या प्रतिकृतीचा विषय हेच विमान आहे. ग्रेव्हसेंडच्या एसेक्स एरो या कंपनीतील जॅक क्रॉस यांनी ते शर्यतीसाठी नव्याने घडवले म्हटले तरी चालेल : जिप्सी सिक्स आर इंजिन बसवले, कॅनोपी खाली घेतली, वाऱ्याला अडवणारी प्रत्येक फट आणि कडा शोधून काढली. किंग्ज कप ही ब्रिटनमधली हवाई शर्यत हँडिकॅप पद्धतीची असल्याने वेगवान विमानाला सर्वांत उशिरा सुटावे लागते. विमानाचा वेग गृहीत धरून वेळ ठरवणाऱ्याच्या हिशेबापेक्षा जास्त जे काही काढता येईल, तेच खरे भांडवल. असे सांधे बुजवण्याला त्यामुळे इंजिनाच्या ताकदीइतकेच मोल येते. १९३८ मध्ये हेन्शॉ यांनी ही शर्यत ताशी २३६.२५ मैल वेगाने जिंकली, तर दुरुस्त झालेले जी-एईकेएल गाइल्स गथ्री यांच्या हाती दुसरे आले.

मी निवडला आहे तो यानंतरचा अवतार. ५ फेब्रुवारी १९३९ रोजी पहाटे हेन्शॉ ग्रेव्हसेंडहून निघाले, ओरान, गाओ, लिब्रेव्हिल आणि मोसामेदिस असे थांबे घेत ३९ तास २३ मिनिटांत केप टाउनला पोचले, आणि जाऊन-येऊन ४ दिवस १० तास १६ मिनिटांत परत ग्रेव्हसेंडला उतरले. जादा इंधनटाक्यांनी आधीच अपुरी असलेली बसण्याची जागा आणखी आवळली होती. एकट्याने केलेल्या या उड्डाणाचा विक्रम सुमारे सत्तर वर्षे टिकला.

आज हे विमान इंग्लंडमधील ओल्ड वॉर्डन येथील शटलवर्थ संग्रहात उडत्या अवस्थेत आहे. पण त्याच्या आताच्या छायाचित्रांवर डोळे मिटून विसंबण्यात अर्थ नाही. महायुद्धाच्या काळात ते फ्रान्समध्ये पडून होते, १९५० मध्ये परत आले, वेगळ्या कॅनोपीसह शर्यतींत उतरले आणि १९५५ चा किंग्ज कपही पीटर क्लिफर्ड यांना देऊन गेले. १९७८ मधील पुनर्बांधणीत त्याला पुन्हा केपच्या उड्डाणाचे रूप देण्यात आले. म्हणून कॅनोपीची आणि तिच्यामागील पाठीची रेषा मी फक्त १९३८-३९ च्या छायाचित्रांवरून घेत आहे.

धडासाठी बाल्सा मऊ पडतो, कडा टिकत नाहीत. म्हणून फॉर्मर पातळ प्लायचे आणि आवरण बासवूडच्या पट्ट्यांचे ठेवले आहे. आसनामागचा भाग उतरता करून तो शेपटीच्या उभ्या पात्यात विरघळवणे हे सर्वांत नाजूक काम असून पुठ्ठ्याचे साचे लावून तेच सध्या चालू आहे. ते जमले की चाकांची आवरणे घेईन, आणि कॅनोपीचा साचा त्यानंतरच, कारण तिची खालची कड बसते ती प्रत्यक्ष तयार झालेल्या पाठीवर, आराखड्यावर नव्हे.