नाल्यात खांब नको

या मे महिन्यात यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावी असताना मी मोठेबाबांसोबत, म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावासोबत, शेतातल्या नाल्यावरच्या लाकडी पुलाला बळकटी देण्याचे काम केले. अमेरिकेत, वॉशिंग्टन राज्यात, माझ्या घरामागच्या ओढ्यावरही असाच एक पूल आहे आणि मागच्या उन्हाळ्यात तोही मी दुरुस्त केला होता. तेव्हा ज्या अटीवर मी मनापासून चिडलो होतो, ती अट मोठेबाबांनी मला आमच्याच वावरात पुन्हा घातली.

तिकडचा पूल वीस फूट लांबीचा आहे. डग्लस फरच्या दोन ओंडक्यांवर फळ्या ठोकलेल्या आहेत. एका ओंडक्याच्या टोकाशी माती साचून लाकूड इतके कुजले होते की स्क्रूड्रायव्हर दोन इंच सहज आत गेला. मधोमध एक खांब रोवला की दोन आधारांमधले अंतर निम्मे होईल आणि काम सोपे होईल, असा माझा विचार होता. परंतु त्या राज्यात 1943 पासून असा कायदा आहे की ओढ्याच्या पात्राला किंवा प्रवाहाला हात लावणारे काम स्वतःच्या जमिनीतही परवान्याशिवाय करता येत नाही. अर्ज पूर्ण भरून दिल्यावरही निर्णयासाठी 45 दिवसांपर्यंतची मुदत असते. मला मिळालेल्या परवान्यात पात्रात खांब नको, काम उन्हाळ्यात पाणी कमी असतानाच करायचे आणि भुसा पाण्यात पडू द्यायचा नाही, अशा अटी होत्या.

हे सारे कोहो नावाच्या सॅमन माशासाठी होते. हा मासा हिवाळ्याच्या तोंडावर समुद्रातून परत येऊन अशा लहान ओढ्यांच्या खडीत अंडी घालतो. ती अंडी हिवाळाभर खडीखाली असतात आणि खडीच्या फटींमधून वाहणाऱ्या पाण्यातल्या प्राणवायूवर जगतात. वर गाळ बसला की फटी बुजतात आणि अंडी गुदमरतात. बाहेर आलेली पिल्ले पुढे साधारण वर्षभर त्याच ओढ्यात राहून मग समुद्राकडे जातात. हे मला समजावून सांगायला आलेला तज्ज्ञ गुडघाभर पाण्यात उभा राहून एकेक जागा दाखवत होता. माझ्यासारख्या परक्या माणसाच्या सहा हात रुंद ओढ्यासाठी कोणी इतका वेळ द्यावा, याचे मला अजूनही अप्रूप वाटते. अखेर कुजलेल्या ओंडक्याला लागून दुसरी तुळई जोडली. ताम्रयुक्त रसायन मुरवलेले लाकूड साधे लोखंड लवकर खाते, म्हणून बोल्ट जस्ताचा जाड थर दिलेले वापरले.

गावचा पूल बारा फुटांचा असून आजोबांनी टाकलेल्या सागवानाच्या दोन ओंडक्यांवर तो चाळीस वर्षे उभा आहे. ओंडक्यांचा गाभा आजही टणक आहे. काळ्या मातीत गाडलेली टोके तेवढी कुजली आणि त्यांना उधई, म्हणजे वाळवी, लागली. मी गावात राहिलो असतो तरी ती कुजलीच असती. आम्ही पावसात फुगणारी आणि उन्हाळ्यात भेगाळणारी ती माती मुरमापर्यंत खणून काढली, तिथे काळ्या पाषाणाच्या सपाट दगडांची बैठक केली आणि ओंडक्यांची कुजकी टोके कापून ते त्या बैठकीवर ठेवले. तिसरी तुळई 4 बाय 8 इंचांची टाकली. तिची 8 इंची बाजू उभी ठेवली, कारण आडव्या तुळईच्या मानाने उभी तुळई दुप्पट भार पेलते आणि तेवढ्याच भाराखाली चौथा हिस्साच वाकते.

आपल्याकडे नियमच नाहीत, असे मात्र कोणी समजू नये. आमच्या धुऱ्यावर सागाचे झाड असूनही 1964 च्या वृक्षतोड कायद्यामुळे ते परवानगीशिवाय तोडता येत नाही, म्हणून तुळई आरामशीनवरून आणली. जमीन महसूल संहितेनुसार नाल्याचे पात्रही सरकारचेच आहे, पण त्या पात्रात आम्ही काय करतो आहोत हे विचारायला कोणी आले नाही. झाडाला जे संरक्षण प्रत्यक्षात मिळते ते वाहत्या पाण्याला मिळत नाही, याचे मला वाईट वाटते.

कोणी विचारणार नाही म्हणूनच बहुधा मी मोठेबाबांना मधोमध खांब रोवण्याचे सुचवले. तिकडे अर्धा उन्हाळा थांबून जी गोष्ट मी टाळली, तीच इथे करायला निघालो होतो.

मोठेबाबा म्हणाले, "नाल्यात खांब गाडू नको बाप्पा. पुरात कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्या येतात, त्या खांबाले अडकतात, अन् मंग पूल राह्यत नाही. तुया आजोबानं येक डाव गाडला होता, त दुसऱ्याच पुरात पूल खालच्या वावरात सापडला."

त्यांच्या बोलण्यात मासा नव्हता आणि परवानाही नव्हता, पण अट तीच होती. तिकडच्या कागदात वाचून मी चिडलो होतो आणि इथे त्यांच्या तोंडून ऐकताना एका शब्दानेही हुज्जत घालावीशी वाटली नाही. ही अट माझ्या घरात माझ्या जन्माआधीपासून होती याचा मला अभिमान वाटला, आणि ती मला वॉशिंग्टनमधल्या कागदावर आधी वाचावी लागली याची खंतही वाटली.

जुलैच्या पहिल्या मोठ्या पुराचे छायाचित्र चुलतभावाने पाठवले. पाणी फळ्यांच्या वीतभर खाली होते आणि पऱ्हाट्यांचा एक मोठा भारा पुलाखालून निघून गेला होता. काल मोठेबाबांचा फोन आला. लाकूड मुरल्यावर सैल होणारे बोल्ट त्यांना पोळ्याच्या आधी एकदा आवळून घ्यायचे आहेत आणि मी पाना कुठे ठेवला आहे, तेवढे त्यांना हवे होते.