दुसरीतली एक जागा

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात दुसरीतलं एक मूल आईवडिलांबरोबर टेक्सासला गेलं आणि आमच्याकडे एक जागा मोकळी झाली. बॉस्टनमधल्या एका चार्टर शाळेत प्रवेशाचं काम मी बघते. शाळा सरकारी पैशावर चालते. फी नाही, प्रवेश परीक्षा नाही, प्रवेश सोडतीने. कारभार मात्र शहराच्या शिक्षण खात्याकडे नसून आमच्याच विश्वस्त मंडळाकडे असतो. राज्य 5 वर्षांची सनद, म्हणजेच चार्टर, देतं, मुदत संपली की नूतनीकरण. शहरातल्या चांगल्या शाळा ज्यांच्यापर्यंत पोचत नाहीत त्या मुलांसाठी ही शाळा, अशा अर्थाचं एक वाक्य आमच्या सनदेत आहे. भिंतीवरही आहे.

आमच्या राज्यात, मॅसॅच्युसेट्समध्ये, खालच्या इयत्तांतली मोकळी जागा 15 फेब्रुवारीपर्यंत वेटलिस्टवरून भरावी लागते. हे बंधन 2010 च्या कायद्याने आलं, आणि बरं झालं आलं. वर्षभर मुलं गळत गेली आणि जागा भरल्याच नाहीत, तर उरलेल्या वर्गाचा निकाल आपोआप चांगला दिसतो.

दुसरीच्या यादीतला पहिला मुलगा उपनगरात राहायला गेला होता. वडिलांनी दोन मिनिटांत नाही म्हणून सांगितलं. दुसऱ्या क्रमांकावर एक हैतियन मुलगी, पत्ता बॉस्टनच्याच मॅटापॅन भागातला. आमचा नियम असा: 48 तासांत तीन प्रयत्न, तीन वेगळ्या मार्गांनी, आणि प्रत्येकाची नोंद. सोमवारी 9.40 ला फोन केला, नंबर बंद. मेसेज हैतीच्या क्रियोल भाषेतून, पोचला नाही. ईमेल गेला, पण उघडल्याची खूण नाही. नियमापलीकडे जाऊन अर्जातल्या दुसऱ्या नंबरवर दोनदा फोन केला, तिथे व्हॉइसमेल भरलेला. त्याच दिवशी पत्रही टाकलं, पण पत्र 48 तासांत पोचत नसतं. ते फाइलसाठी असतं.

बुधवारी तिसऱ्या क्रमांकाला फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला आणि दुपारी चारच्या आत सगळी कागदपत्रं स्कॅन होऊन आली. अशा पालकांबद्दल माझी काही तक्रार नाही. पण आमची पद्धत त्यांच्यासारख्यांनाच डोळ्यांपुढे ठेवून बेतलेली आहे, एवढं खरं.

प्रीपेड सिम महिन्याला बदलतात, अनोळखी नंबर उचलायचा नाही हे वसुलीवाल्यांनी आणि भामट्यांनी लोकांना शिकवलंय, आणि आमच्या कार्यालयाचा नंबर त्यांच्या फोनवर अनोळखीच दिसतो. मेसेज पाठवणाऱ्या यंत्रणेची आणखी वेगळी गंमत. इंग्रजी मेसेज 160 अक्षरांचा. क्रियोलमधली मात्रेची अक्षरंही (è, ò) इंग्रजी मेसेजच्याच अक्षरसंचात बसतात. व्हिएतनामी बसत नाही, त्यामुळे तो मेसेज 67-67 अक्षरांत तुटतो (मराठीचंही तेच होतं). चार तुकडे झाले की स्वस्त फोनवर कधी तिसरा आधी येतो. "24 तासांत कळवा" हे शब्द कुठल्या तुकड्यात पडले ते आम्हाला कळत नाही. विकणाऱ्या कंपनीला हे तीनदा सांगितलं. तिन्ही वेळा उत्तर एकच: मेसेज गेल्याचं सिस्टममध्ये दिसतंय.

मुलीची आई 26 तारखेला आली, हातात आमचं पत्र. कुटुंब राज्याच्या निवाऱ्यात हललं होतं आणि पत्र जुन्या पत्त्यावरून कुणीतरी आणून दिलं होतं. 2023 च्या ऑगस्टमध्ये राज्याने निवाऱ्यांसाठी आणीबाणी जाहीर केली आणि पुढे 7,500 कुटुंबांची मर्यादा घातली, तेव्हापासून असे पत्ते सारखे बदलताना आम्ही बघतोय. बाईंनी प्लास्टिकच्या फोल्डरमधून पासपोर्ट, व्हिसा, सगळं टेबलावर मांडलं. मी ते न वाचता फोल्डरमध्ये परत घातलं. 1982 च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर मुलाचा इमिग्रेशनचा दर्जा काय हे शाळेनं विचारायचं नसतं. पत्त्याचा पुरावा म्हणून गॅसचं बिलही नको होतं. बेघर कुटुंबांसाठीच्या संघराज्याच्या कायद्यात ती अट लागत नाही, आणि नाइलाजाने नातेवाइकांकडे दाटीवाटीने राहणारेही त्यात येतात. फक्त "बेघर आहात का" असं विचारलं तर कोणी हो म्हणत नाही. "रात्री कुठे झोपता" असं विचारावं लागतं.

त्यांना द्यायला माझ्याकडे जागा मात्र नव्हती. 15 तारखेनंतर जागा भरण्याचं बंधन नाही, पण बंदीही नाही, म्हणून मी मुख्याध्यापिकांकडे गेले. वर्गात 24 मुलं, वर्गाच्या बाईंना मदतनीस अर्धाच वेळ. त्या नाही म्हणाल्या. त्यांचंही चुकलं असं म्हणवत नाही. नोंदवही काढून बघितली, प्रत्येक नोंद बरोबर. राज्याचं तपासणी पथक आलं तर पूर्ण गुण मिळतील.

विश्वस्त मंडळाच्या बैठकीत वाढ मोजतात ती एकूण पटावर. शाळा बालवर्ग आणि पहिलीने सुरू झाली, दर वर्षी एक इयत्ता वर चढत आता आठवीपर्यंत पोचली. तक्त्यावरची रेघ छान वर जाते. बालवर्गाच्या जागा मात्र तेव्हाही 48 होत्या, आजही 48. कायद्याने सोडतीत पहिला हक्क आधीपासून शिकणाऱ्यांच्या भावंडांचा. शाळा जितकी वर चढली तितकी वर्षं मोठं भावंड आत राहतं, आणि धाकट्यांची रांग वाढते. यंदा 48 पैकी 22 जागा सोडतीआधीच गेल्या. शहरात नव्याने आलेल्या कुटुंबाचं कुणीच आत नसतं. म्हणजे सनदेतल्या वाक्यातलं मूल आमच्या वाढीमुळेच दारापासून लांब सरकतंय. आणखी एक तुकडी काढायची तर दर वर्षी 24, नऊ इयत्तांना मिळून 216 जागा. त्यासाठी सनदेत बदल हवा, आणि चार्टर शाळांवर किती खर्च जाऊ द्यायचा याला राज्यात मर्यादा आहे. 2016 च्या सार्वमतात दर वर्षी आणखी 12 चार्टर शाळा काढू द्याव्यात का असं विचारलं, तेव्हा सुमारे 62 टक्के लोकांनी नाही म्हटलं. शहराच्या शाळांचे पैसे जातात हा त्यांचा मुद्दा खोटा नव्हता. पण भावंडांचा हा हिशेब बैठकीत कोणी काढत नाही. मी काढला तर "चांगलं निरीक्षण" म्हणून सगळे पुढच्या विषयावर गेले.

पुण्यातले ओळखीचे आरटीईच्या 25 टक्क्यांच्या सोडतीबद्दल बोलतात. तिथे एसएमएसवर विसंबू नका, पोर्टलवर स्वतः बघत राहा, अशी सूचनाच असते. आमचंही पोर्टल आहे. पासवर्ड ईमेलवर येतो.

वेटलिस्ट पुढच्या वर्षात जात नाही, नव्याने अर्ज करावा लागतो. शेवटची तारीख 28 होती, म्हणून बाईंचा तिसरीचा अर्ज तिथेच बसून भरला. नंबरांचे दोन रकाने भरले. समासात मी हाताने एक ओळ वाढवली: घर बदललं तरी तुम्हाला शोधून काढेल असं कोण? त्यांनी जरा विचार करून चर्चच्या पास्टरांचा नंबर लिहिला. मी समोरच फोन लावून बघितला. पास्टरांनी उचलला.

मार्चमधल्या सोडतीत मुलीचा क्रमांक 37 वा लागला.